उदाहरणातून परत येताना

२००४ सालच्या जुलै महिन्यात मी नोकरीसाठीची पहिली मुलाखत दिली, ती सेनापती बापट रस्त्यालगतच्या एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत. बाहेर पाऊस कोसळत होता. छत्री कुठे ठेवायची हे विचारण्याचे धैर्य झाले नाही म्हणून मी ती खुर्चीखालीच सरकवली होती, आणि तिच्यातून निघालेला पाण्याचा ओघळ हळूहळू टेबलाच्या दिशेने सरकतो आहे हे मला बोलता बोलता दिसत होते. समोर तिघे बसले होते. दोघे तरुण होते. मधले गृहस्थ पन्नाशी उलटलेले, अर्ध्या बाह्यांचा पांढरा सदरा घातलेले आणि बोलण्यापेक्षा ऐकण्याची सवय असलेले असे वाटले. डेटाबेसमध्ये इंडेक्स कशासाठी ठेवतात, असे त्यांनी इंग्रजीतून विचारले. हा प्रश्न मला चांगला येत होता. परीक्षेत तो हमखास यायचा आणि त्याचे उत्तर मला झोपेतून उठवून विचारले असते तरी सांगता आले असते. मी ते एका दमात सांगून टाकले: इंडेक्स हे एक पूरक डेटा स्ट्रक्चर असून ते बहुधा बी-ट्रीच्या रूपात ठेवले जाते आणि त्यामुळे शोधाला लागणारा वेळ लॉगरिदमिक होतो.

त्यांनी मान डोलावली, पेनाला टोपण लावले आणि एकदम मराठीत विचारले, "तुमच्या आई काय करतात?"

"ग्रंथालयात आहे. पेठेतल्या."

"अरे वा. मग असं समजा, की मी तुमची आई आहे. आता मला सांगा, इंडेक्स म्हणजे काय?"

आज आठवले की हसू येते. त्या गृहस्थांनी उत्तर अक्षरशः ताटात वाढून ठेवले होते आणि मला ते दिसले नाही. मी घसा खाकरून म्हणाले, "आई, इंडेक्स हे एक डेटा स्ट्रक्चर असतं." दोघे तरुण हसले. मधले हसले नाहीत. "आईंना डेटा स्ट्रक्चर म्हणजे काय ते माहीत आहे?" त्यांनी विचारले. मी नाही म्हणाले. "मग?" या 'मग'ला माझ्याकडे उत्तर नव्हते. ओघळ तोवर टेबलाच्या पायापर्यंत पोचला होता. ती नोकरी मला मिळाली नाही, हे सांगायला नकोच.

संध्याकाळी पीएमटीच्या बसने ओलीचिंब होऊन घरी पोचले, तेव्हा आई स्वयंपाकघरात वर्तमानपत्र पसरून मेथी निवडत बसली होती. मी तिला सगळा प्रसंग सांगितला. सांगताना इंडेक्स म्हणजे काय हेही ओघात सांगावे लागले, कारण त्याशिवाय माझी फजिती तिला कळलीच नसती: पुष्कळ माहिती साठवलेली असते, त्यातले एकच काहीतरी हवे असते, आणि दर वेळी सगळे पहिल्यापासून चाळायचे नसेल तर एक वेगळी यादी करून ठेवतात. आईने हातातली जुडी खाली ठेवली. "अगं, मग कार्डं सांगायची ना त्यांना," ती म्हणाली.

तिच्या ग्रंथालयात पुस्तके दाखल क्रमांकाने लावलेली असत, म्हणजे जे आधी आले ते आधी आणि नंतर आले ते नंतर. कादंबरीशेजारी पाककृती आणि पाककृतींशेजारी ज्योतिष. वाचकाला दाखल क्रमांक ठाऊक असण्याचे काहीच कारण नसते. तो लेखकाचे नाव घेऊन येतो, नाहीतर पुस्तकाचे, नाहीतर मधुमेहावर काही आहे का असे विचारतो. म्हणून काउंटरच्या डाव्या हाताला एक सागवानी कपाट होते. त्याला साठ लहान खण, प्रत्येक खणात पाच बाय तीन इंचांची कार्डे उभी लावलेली, आणि कोणी ती उपसून क्रम बिघडवू नये म्हणून कार्डांच्या खालच्या भोकांतून आरपार गेलेली पितळी सळई. प्रत्येक पुस्तकाची तीन कार्डे: एक लेखकाचे, एक शीर्षकाचे, एक विषयाचे, आणि तिन्हींच्या कोपऱ्यात तोच दाखल क्रमांक. लहानपणी शनिवारची सकाळची शाळा सुटली की मी त्या कपाटापाशी बसून सळया फिरवत असे. मुलाखतीच्या खोलीत मात्र मला ते कपाट आठवले नाही.

"पण ती कार्डं लिहायची कोणी, हे त्यांनी विचारलं का?" आई पुढे म्हणाली. मार्चअखेरीला अनुदान आले की एकदम चारशे पुस्तके येत. चारशे पुस्तके म्हणजे बाराशे कार्डे, आणि ती नुसती लिहून भागत नसे. प्रत्येक कार्ड सळई काढून, वर्णानुक्रमाने आपल्या जागी घालून, पुन्हा सळई लावून बसवावे लागे. तेवढा आठवडा वाचकांना नवी पुस्तके काउंटरमागे दिसत, पण हातात मिळत नसत. "आणि कुलकर्ण्यांचा खण कायम भरलेला," ती म्हणाली. "एक कार्ड शिरेल तर शप्पथ. मग अर्धी कार्डं उचलायची, रिकाम्या खणात न्यायची आणि दोन्ही खणांवरच्या चिठ्ठ्या बदलायच्या. चिठ्ठी बदलायची राहिली की संपलं."

मी तिच्याकडे पाहतच राहिले, कारण हे सगळे माझ्या अभ्यासक्रमात होते. इंडेक्समुळे शोधणे जलद होते पण नोंद करणे संथ होते, कारण नवी नोंद मूळ तक्त्याबरोबर प्रत्येक इंडेक्समध्येही लिहावी लागते. बी-ट्री म्हणजे पातळ्यापातळ्यांत रचलेली यादी; तिच्यातले एक पान भरले की त्याची दोन पाने होतात, अर्ध्या नोंदी नव्या पानात जातात आणि वरच्या पातळीवरच्या खुणा बदलाव्या लागतात. रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्राइट या दोघांनी बोइंगच्या प्रयोगशाळेत काम करताना ही रचना मांडली, १९७२ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला, आणि नावातला 'बी' नेमका कशाचा याचा खुलासा त्यात केलेला नाही. एका पानात शंभर खुणा मावत असतील तर तीन पायऱ्यांत दहा लाख नोंदींपर्यंत पोचता येते, हे गणितही मी परीक्षेत सोडवले होते. पण 'चिठ्ठी बदलायची राहिली की संपलं' असे म्हणण्याइतके ते मला कळलेले नव्हते. आईने संगणकाला तोवर हातही लावलेला नव्हता. तिने फक्त कार्डे लिहिली होती.

सोपे करून सांगण्याची ही रीत मराठीला नवी नाही. तेराव्या शतकात चक्रधरस्वामी शिष्यांना जे दृष्टान्त सांगत, ते केसोबासांनी 'दृष्टान्तपाठा'त एकत्र केले आणि त्यांची मांडणी तीन भागांत केली: आधी सूत्र, मग दृष्टान्त आणि शेवटी दार्ष्टान्तिक. सूत्र म्हणजे मूळ सिद्धान्त, अगदी आवळून सांगितलेला. दृष्टान्त म्हणजे रोजच्या जगण्यातली एखादी गोष्ट. आणि दार्ष्टान्तिक म्हणजे त्या गोष्टीतले काय सिद्धान्तातल्या कशाला लागू पडते, याचा उलगडा. हा तिसरा शब्द आता कोणाच्या तोंडी राहिलेला नाही. मला मात्र मुलाखतीच्या खोलीत तो वारंवार आठवतो. सूत्र बहुतेकांना पाठ असते. दृष्टान्तही अलीकडे बहुतेकांना पाठ असतो. दृष्टान्तातून परत सूत्राकडे येण्याची वाट मात्र फार थोड्यांनी चाललेली असते, आणि माझ्या मते मुलाखतीत पाहण्यासारखे असते ते नेमके एवढेच.

गेली चौदा-पंधरा वर्षे मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसते. हिंजवडीत, काचेच्या खोलीत, खालच्या रस्त्यावरची वाहने मुंगीच्या पावलांनी सरकताना दिसत असतात आणि समोरचा उमेदवार त्याच गर्दीतून घामाघूम होऊन आलेला असतो. एपीआय, म्हणजे एका प्रोग्रामने दुसऱ्याकडे काम मागण्याची ठरलेली रीत, हे काय असे विचारले की तो खुलतो. "मॅडम, एपीआय म्हणजे हॉटेलातला वेटर. आपण गिऱ्हाईक, सर्व्हर म्हणजे स्वयंपाकघर. आपण आत जात नाही, वेटर ऑर्डर नेतो आणि पदार्थ आणतो." एका आठवड्यात मला असे नऊ वेटर भेटले होते. दृष्टान्त वाईट नाही, पण तो कुठूनतरी ऐकून आणलेला असतो. म्हणून मी वेटरला हॉटेलातच ठेवून पुढचा प्रश्न विचारते: वेटर ऑर्डर घेऊन गेला आणि परत आलाच नाही, तर गिऱ्हाइकाने काय करायचे? तो आत पोचला की वाटेत अडकला हे आपल्याला कळत नाही. गप्प बसावे तर उपाशी राहू. पुन्हा ऑर्डर द्यावी तर दोन मसाला डोसे येतील आणि बिलही दोन्हींचे लागेल.

इथे बहुतेक जण थांबतात, कारण त्यांनी पाठ केलेल्या गोष्टीत वेटर नेहमी परत येतो. प्रत्यक्ष संगणकांच्या जाळ्यात तो पुष्कळदा येत नाही, आणि या धंद्यातले निम्मे दुखणे तेच आहे. एका मुलीने मात्र क्षणभर विचार करून सांगितले, "ऑर्डरला नंबर द्यायचा, मॅडम. तोच नंबर पुन्हा आला तर स्वयंपाकघरानं दुसरा डोसा टाकायचा नाही, पहिला झालाय का तेवढं बघायचं." पैशांच्या व्यवहारांत दुबार वजावट होऊ नये म्हणून प्रत्येक विनंतीला एक वेगळी ओळखखूण देतात, ती हीच युक्ती. तिला या युक्तीचे इंग्रजी नाव माहीत नव्हते. ते मी सांगितले, तिने वहीच्या समासात लिहून घेतले, आणि आज ती आमच्या पेमेंटच्या गटात आहे.

जे सोपे करून सांगता येत नाही ते आपल्याला कळलेलेच नसते, अशा अर्थाचे एक वाक्य आइनस्टाइनच्या नावावर सर्रास खपवले जाते. त्याने ते कुठे लिहिल्याचा पुरावा सापडत नाही, आणि मला ते निम्मेच पटते. कित्येकदा नेमके उलटे होते: गोष्ट इतकी कळलेली असते की न कळण्याची अवस्थाच माणूस विसरून जातो. स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी १९९० साली आपल्या प्रबंधासाठी एक साधा प्रयोग केला होता. एकाने ओळखीच्या गाण्याचा ठेका टेबलावर बोटाने वाजवायचा आणि दुसऱ्याने गाणे ओळखायचे. निम्मी गाणी तरी ओळखली जातील असे वाजवणाऱ्यांना वाटत होते. प्रत्यक्षात १२० पैकी फक्त ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात पेटीतबल्यासह सगळे गाणे चालू असते, ऐकणाऱ्याला मात्र नुसती टकटक ऐकू येते. घरी कोणाबरोबर तरी आरतीचा ठेका धरून पाहावा, खात्री पटते. मुलाखतीत हुशार मुले अशीच टकटक करतात. मग ती मनाशी म्हणतात, की समोरच्या बाईंना काही येत नाही. मीही त्या दिवशी घरी येताना बसमध्ये असेच काहीसे म्हणाले होते.

आईकडे यावर एक साधा उपाय होता आणि तो तिच्या कामातूनच आलेला होता. एखादा वाचक काउंटरशी येऊन 'इतिहासावर काहीतरी द्या' असे म्हणाला, तर ती लगेच उठत नसे. शाळेसाठी हवे आहे का, कोणत्या काळातले, याआधी काय वाचले, असे दोन-तीन प्रश्न ती आधी विचारी, आणि मगच तिचा हात खणाकडे जाई. ग्रंथालयशास्त्राच्या वर्गात तिला रंगनाथनांचे १९३१ सालचे पाच नियम शिकवले होते. त्यांतला चौथा, वाचकाचा वेळ वाचवा, तिने घरातही लागू केलेला होता. उमेदवाराने उत्तर देण्याआधी मला विचारावे, की "तुम्हाला यातलं कितपत माहीत आहे? म्हणजे मी कुठून सुरुवात करू?" असे मला फार वाटते. वर्षाकाठी दोन-तीन जण विचारतात. बाकीच्यांना तो आगाऊपणा वाटतो, किंवा परीक्षकाला प्रश्न विचारायचा नसतो हे शाळेपासून हाडीमांसी खिळलेले असते.

लातूर जिल्ह्यातून आलेल्या एका मुलाचे तर इंग्रजीत पहिले वाक्यच पुरे होईना. प्रश्न डेडलॉकचा होता, म्हणजे संगणकातली कामे एकमेकांची वाट पाहत कायमची अडकून पडतात त्याचा. व्याख्या त्याने लिहून दाखवली असती, पण बोलताना शब्द एकमेकांत अडकत होते, म्हणजे एका अर्थाने तो डेडलॉकच होता. मी म्हटले, मराठीत सांगा. तो आणखीच गोंधळला. त्याला वाटले की आता ही मुलाखत संपली आणि उरली आहे ती दया. मग मी त्याला पाणी दिले आणि राहायला कुठे आहे असे विचारले. कर्वेनगरला, कॉट बेसिसवर, दोन महिने झाले. खोलीच्या खाली काय आहे? चौक आहे. चहाची टपरी आहे.

तो एकदम थांबला. "मॅडम, चौकच की," तो म्हणाला.

मग त्याने माझ्याकडून कागद मागून घेतला आणि त्यावर चौक काढला. "सिग्नल बंद पडला की चारी बाजूंनी गाड्या घुसतात. प्रत्येकानं चौकातली एकेक जागा धरलेली असते आणि प्रत्येकाला पुढची जागा पाहिजे असते, ती शेजारच्यानं धरलेली. एका जागेत दोन गाड्या मावत नाहीत. धरलेली जागा कोणी सोडत नाही. कोणाला उचलून बाजूला ठेवता येत नाही. आणि हा त्याच्यासाठी, तो त्याच्यासाठी, असं करत गोल पूर्ण होतो." १९७१ साली कॉफमन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी डेडलॉकच्या ज्या चार अटी मांडल्या, त्या चारही कागदावर आल्या होत्या. बाण काढताना त्याची पेन्सिल कागदात रुतली होती इतका तो जोरात होता.

"मग सुटतं कसं?"

"टपरीवाले काका येतात. एका रिक्षाला मागं घ्यायला लावतात."

"रिक्षालाच का? बसला का नाही?"

"बसच्या मागं वीस गाड्या असतात, मॅडम. रिक्षाच्या मागं दोन."

मायएसक्यूएल या डेटाबेसचे इनोडीबी हे इंजिन डेडलॉक सापडला की एक व्यवहार मागे फिरवते, आणि ज्याने कमी नोंदी बदलल्या आहेत असा लहान व्यवहार निवडण्याचा प्रयत्न करते. काकांचा हिशेब तोच होता. हे मी त्याला सांगितले आणि मग विचारले, "आता हे उदाहरण कुठे लागू पडत नाही ते सांगा." हा प्रश्न मी आताशा प्रत्येकाला विचारते, आणि त्यातच माणूस कळतो. तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. "प्रोसेसला हॉर्न नसतो," तो शेवटी म्हणाला. "चौकात अडकलं की सगळ्या गल्लीला कळतं. इथं सगळं शांतच दिसणार. म्हणून कोणीतरी मुद्दाम बघत बसावं लागंल." मग मी काही न सुचवता त्याने स्वतःहून इंग्रजीत एक वाक्य जुळवले: "एव्हरीबडी इज होल्डिंग, एव्हरीबडी इज वेटिंग." इतक्या नेमक्या इंग्रजीत डेडलॉक सांगितलेला मी क्वचितच ऐकला आहे. इंग्रजी लागतेच, ते शिकावेच लागते, यात मला शंका नाही. परंतु ज्याच्याजवळ सांगण्यासारखे काही आहे त्याचे इंग्रजी वर्षभरात सुधारते, असा माझा अनुभव आहे.

सोपे करून सांगणारे पाहायला पुण्यात राहणाऱ्यांना दूर जावे लागत नाही. १९८८ साली स्थापन झालेल्या आयुका या खगोलविज्ञान संस्थेचे संस्थापक-संचालक जयंत नारळीकर यांच्यापुढे शाळेतली मुले सहीसाठी वह्या धरत, तेव्हा ते म्हणत, की मला पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा, मी उत्तर सहीनिशी पाठवीन. पोस्टकार्डाएवढ्या जागेत उत्तर बसवायचे तर काय सांगायचे यापेक्षा काय सोडायचे हे आधी ठरवावे लागते. त्याच आयुकातल्या मुलांच्या विज्ञानकेंद्रात अरविंद गुप्ता आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांपासून आकृत्या करून दाखवत. चौकोन बोटाने ढकलला की कलंडतो, त्रिकोण कलंडत नाही. मुलाच्या हाताला हे एकदा कळले, की छपराच्या कैचीत आणि रेल्वेच्या पुलात सगळीकडे त्रिकोण का असतात हे त्याला निराळे सांगावे लागत नाही. तिथे परतीची वाट ते मूल स्वतःच चालून येते. नोकरीच्या मुलाखतीत एवढा वेळ नसतो, दोन-तीन मिनिटे असतात, म्हणून ती वाट आपणच दाखवावी लागते.

सोपे करण्याच्या नादात चुकीचे करून ठेवणारेही भेटतात, आणि ते वेटरवाल्यांपेक्षा घातक. पासवर्ड डेटाबेसमध्ये कसा ठेवता, या प्रश्नावर एक अनुभवी गृहस्थ म्हणाले, की कुलूपबंद पेटीत. ऐकायला किती सोपे! पण कुलपाला किल्ली असते, आणि जिला किल्ली आहे ती पेटी उघडता येते. पासवर्ड मात्र असा ठेवायचा असतो की ठेवणाऱ्यालाही तो परत काढता येऊ नये. दृष्टान्त ज्या ठिकाणी बरोबर असायला हवा नेमका तिथेच तो मोडला होता. मी अशा वेळी चटणी सांगते. खोबरे, कोथिंबीर, मिरची मिक्सरमधून काढली की चटणीतून पुन्हा खोबरे वेगळे काढता येत नाही. तुम्ही पुन्हा आलात की तुमच्याकडचे जिन्नस पुन्हा वाटायचे आणि दोन्ही चटण्या सारख्या आहेत का एवढेच पाहायचे. दोघांनी चुकून एकच पासवर्ड निवडला तर चटणीही एकच होईल आणि चोराला ते कळेल. म्हणून प्रत्येकाच्या चटणीत वेगळे मीठ घालतात. या मिठाला संगणकशास्त्रातही सॉल्ट असेच म्हणतात, ही माझ्यासारखीला मिळालेली फुकटची मेजवानी. मात्र लगेच सांगावे लागते, की घरातली चटणी दोनदा कधीच तंतोतंत सारखी होत नाही आणि इथली अक्षर न् अक्षर सारखीच व्हावी लागते. हे सांगितले नाही तर ऐकणारा माझ्या स्वयंपाकघरातच राहून जातो.

गेल्या महिन्यात एक मुलगी आली होती. इंडेक्सचा प्रश्न मी आता सहसा विचारत नाही, कारण उत्तर ऐकताना माझे लक्ष उमेदवारापेक्षा सागवानी कपाटाकडे जास्त असते. पण बरोबरच्या सहकाऱ्याने विचारला. तिने ग्रंथालयातल्या कार्डांपासून सुरुवात केली आणि मी सावरून बसले. "तुम्ही कार्डांचं कपाट पाहिलं आहे?" मी विचारले. ती ओशाळली. "नाही, मॅडम. वाचलंय फक्त." मग स्वतःच म्हणाली, "मी मामाच्या मेडिकलचं सांगू का?"

मामाचे दुकान धायरीला. सुट्टीत ती तिथे बसते. औषधे ब्रँडच्या नावाने, वर्णानुक्रमे लावलेली. पण चिठ्ठीवर कधी कधी ब्रँड नसतो, नुसता घटक असतो, आणि पॅरासिटामॉलच्या गोळ्या तर कितीतरी नावांनी येतात. म्हणून मामाने एक वही केली आहे: घटकाचे नाव आणि त्यापुढे आपल्याकडे असलेले ब्रँड. "वहीत ब्रँड कळतो, मग त्या नावानं पुन्हा कपाट शोधायचं. म्हणजे दोनदा शोधणं होतं," ती म्हणाली. इनोडीबीतला दुय्यम इंडेक्स असाच चालतो: त्यात मूळ नोंद नसते, तिची प्राथमिक किल्ली, म्हणजे ओळखखूण, असते, आणि ती घेऊन पुन्हा तक्त्यात जावे लागते. सहकाऱ्याने विचारले, गिऱ्हाइकाला गोळी नकोच, नुसती किंमत हवी असेल तर? ती चटकन म्हणाली, "किंमत वहीतच लिहून ठेवली तर कपाटापर्यंत जायलाच नको. पण मग किंमत बदलली की दोन्हीकडे बदलायची. मामा वहीत बदलायला विसरतो." तिने मामाला विसरायला लावले तेव्हाच माझा निर्णय झाला होता.

रात्री जेवताना आईला हे सांगितले. ती आता चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, कानाला यंत्र लावते, आणि इंडेक्स या शब्दावर अजून सावध होते. मामाच्या वहीवर ती खूश झाली. "घेतलंत ना तिला?" असे विचारून झाल्यावर म्हणाली, "आणि रद्द झालेल्या औषधांचं काय करतो तो?"

"म्हणजे?"

"आमच्याकडे पुस्तकं रद्द व्हायची ना. वाळवी लागलेली, पानं गळालेली. रजिस्टरमध्ये लाल रेघ मारायची, फळीवरून पुस्तक काढायचं. पण तीन खणांतून तीन कार्डं शोधून काढायला कोणाला वेळ होता? वाचक क्रमांक लिहून आणायचा, शिपाई आत जाऊन फळी बघायचा आणि हात हलवत परत यायचा."

मी घास हातातच धरून बसले. आमच्याकडे तो आठवडाभर हेच चालले होते. तक्त्यातून काढून टाकलेल्या लाखो नोंदींच्या खुणा इंडेक्समध्ये तशाच राहिल्या होत्या, पोस्टग्रेस या डेटाबेसची साफसफाई करणारी प्रक्रिया मागे पडली होती, आणि प्रत्येक शोध अशा नोंदींची दारे ठोठावून हात हलवत परत येत होता. आमचे चार जण तीन दिवस त्याच्या मागे होते.

"मग तुम्ही काय करायचात?" मी विचारले.

"दिवाळीच्या सुट्टीत, ग्रंथालय बंद असताना, आम्ही दोघी-तिघी बसायचो आणि एकेक खण रिकामा करायचो," आई म्हणाली. "तू सळया पुसून द्यायचीस. आठवत नाही?"